आईचा ओढ्यावरचा तास

मी दहा वर्षांची असताना मला कळलं, की आमची आई आम्हाला रोज एका तासाची थाप मारते.

आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक लांबलचक हॉल होता. त्यात कपडे धुण्याची सहा यंत्रं आणि एक मोठी इस्त्री. मोठी म्हणजे आमच्या खोलीएवढी. दोन तापलेले रूळ सारखे फिरत असायचे. एका बाजूने दोघींनी ओल्या चादरीची टोकं धरून ती आत सोडायची, दुसऱ्या बाजूने दोघींनी कोरडी होऊन आलेली चादर धरायची, घडी घालायची आणि गठ्ठ्यावर टाकायची. आई टोकं सोडणाऱ्यांपैकी. दिवसभर वाफ, आणि यंत्रांचा असा गलका, की शेजारणीला काही सांगायचं तर तिच्या कानाशी जाऊन ओरडावं लागे. त्यामुळे घरी आल्यावरही पहिला अर्धा तास आई ओरडूनच बोलायची. "अगं, आम्ही बहिरे नाही आहोत," असं बाबा म्हणाले की तिच्या लक्षात यायचं.

बाबांचं सलून होतं. खाली सलून, वर आमच्या दोन खोल्या. सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या आणि केस कापणारे बाबा एकटेच. दुसऱ्या खुर्चीत कायम कोणीतरी नुसतं गप्पा हाणायला येऊन बसलेलं. बाबांच्या कात्रीपेक्षा त्यांचं तोंड जास्त चालायचं, आणि खरं सांगायचं तर लोक त्यासाठीच यायचे. दुकान बंद करून वर आले तरी पट्टा चालूच. "अगं ऐकलंस का" अशी सुरुवात व्हायची, आणि मग ज्या माणसाला आईने जन्मात पाहिलेलं नाही त्याच्या मेहुण्याची गोष्ट तिला ऐकावी लागायची. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. त्याचं दिवसभर "आई, हे बघ" आणि माझं "आई, माझं अमुक कुठंय". दोन खोल्यांत आईच्या नावाचा नुसता पुकारा चाललेला असायचा.

आईची पाळी साडेसहाला सुरू होते, असं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती साडेपाचला घराबाहेर पडायची. आम्ही झोपेत दाराची कडी ऐकायचो आणि कूस बदलायचो.

वस्तीच्या मागून एक ओढा वाहायचा. फार मोठा नाही. रुंद जागी आठ-दहा पावलं, खोल जागी माझ्या छातीपर्यंत. त्यावर एक छोटा पूल, आणि पुलाच्या तोंडाशी सायकलवाले काका पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चर काढत बसलेले. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला मासे पकडायचं वेड लागलं होतं. वेड कसलं, पोरखेळच तो. टाचणी वाकवून केलेला गळ, शिवणाच्या डब्यातला दोरा, आणि जी मिळेल ती काठी. दुपारी मी आणि धाकटा पुलाखाली जाऊन बसायचो. बोटाएवढे दोन-तीन मासे मिळायचे, तेही दोऱ्याला नव्हे तर रुमालात. टाचणीला आजवर कोणी तोंड लावलं नव्हतं.

"दुपारच्याला काय मिळणार?" सायकलवाले काका वरून म्हणाले. "मोठा मासा सकाळचा असतो. ऊन चढलं की तो तळ गाठतो. सूर्य वर यायच्या आत या, मग बघा."

ते माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्याच दिवशी, आई गेल्यावर थोड्या वेळाने मी उठले. बाबा घोरत होते. धाकट्याचा पाय माझ्या पोटावर होता, तो अलगद उचलून बाजूला ठेवला आणि चपला हातात घेऊन जिना उतरले.

ओढ्यावर धुकं होतं, पण पातळ; कोवळं ऊन त्यातून उतरत होतं. पुलाखालची जागा मला रोजचीच होती, म्हणून म्हटलं जरा वर जाऊन बघू. काठाकाठाने गवतातून चालत वळणापर्यंत गेले, तर तिथे कोणीतरी बसलेलं. पालथ्या घातलेल्या बादलीवर, माझ्याकडे पाठ करून. अंगात लॉन्ड्रीचा निळा डगला.

आपली चोरी पकडली गेली, एवढंच मला आधी वाटलं. मी जागच्या जागी उभी राहिले.

"मागे हो," आई मान न वळवता म्हणाली. "तुझी सावली पाण्यात पडतेय."

मी मागे झाले. मग म्हटलं, "मी आहे हे तुला कसं कळलं?"

"तुझ्या उजव्या चपलेचा पट्टा सैल झालाय. फटक फटक वाजतो."

तिच्या हातात एक लांब, बारीक बांबू होता आणि नजर पाण्यावर. पाण्यात एक बूच सरळ उभं होतं.

"तू कामावर नाही गेलीस?"

"जाईन की. साडेसातला."

"साडेसहाला ना?"

"साडेसातला," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली साडेसात होऊन."

तिने जे सांगितलं ते एवढंच. दोन वर्षांपूर्वी एकदा ती नेहमीच्या वेळेला लॉन्ड्रीवर गेली, तर दार बंद आणि दारावर कागद चिकटवलेला, की आजपासून वेळ बदलली आहे. तिला एक तास रिकामा सापडला. घरी परत यायला ती निघालीही. पुलापर्यंत आली आणि तिचे पाय ओढ्याच्या बाजूला वळले. त्या दिवशी संध्याकाळी वेळ बदलल्याचं घरी सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं.

"आणि मग राहूनच गेलं," आई म्हणाली.

"बाबांना माहीत नाही?"

"नाही."

"मी सांगू का?"

'खबरदार सांगितलंस तर' असं ती म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती म्हणाली, "ते मी कसं सांगू? तुझं तू ठरव." एवढ्यात बूच हललं. तिने बांबू नुसता मनगटातून वर उचलला, आणि ओंजळीएवढा एक मासा चमकत हवेत आला. टाचणी आणि दोरा घेऊन उभ्या असलेल्या मला त्या क्षणी बाबांची आठवणही राहिली नाही.

तिचा सगळा सरंजाम हॉस्पिटलमधूनच आलेला होता. दोरा म्हणजे मळक्या कपड्यांच्या पोत्यांची तोंडं शिवायचा मेण लावलेला धागा. बूच औषधाच्या बाटलीचं. दोरा खाली ओढायला लावलेला शिशाचा तुकडा म्हणजे त्या पोत्यांवरचं सील. गळ मात्र दुकानातून आणलेला, खरा. सगळं गुंडाळून ती काठावरच्या लव्हाळ्यात एका फळीखाली ठेवायची. पकडलेला मासा गळातून सोडवायची, ओल्या हाताने क्षणभर धरायची आणि परत पाण्यात सोडून द्यायची.

"घरी का नाही नेत?"

"नेला तर तुझे बाबा विचारतील, कुठून आणला."

मी बाबांना काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं तर त्यांना काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगते. आईने मला तिथेच थांबवलं. "माझी एक थाप मला पुरे झाली. तू आणखी एक जोडू नकोस. मासे पकडायला जाते म्हणून सांग. खरंच आहे ते."

मी खरं सांगितलं. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, कात्री हवेत कचकच वाजवली आणि म्हणाले, "जा बाईसाहेब. पाण्यात पाय घालायचा नाही आणि सव्वासातच्या आत घरात पाहिजे." आई तिथे असते हे मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने, सुट्टीत आणि मग शाळा सुरू झाल्यावरही, मी रोज आईबरोबर ओढ्यावर होते. तिने मला दुसरा बांबू करून दिला. गांडुळं पानांच्या कुजलेल्या ढिगाखाली असतात, ती कशी उचलायची, गळावर कशी चढवायची, हे दाखवलं. मी "ईऽऽ" केलं तर म्हणाली, "मग नुसती बघत बस." मी ईऽऽ करणं सोडलं. गळ पाण्यात कसा टाकायचा, म्हणजे फेकायचा नाही, सोडायचा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, दोरा बोटावर धरून वाट बघायची.

"आता ओढू?" मी दर मिनिटाला विचारायची.

"नको. तो नुसता टोचून बघतोय."

"मग कधी ओढायचं?"

"कोणी दार वाजवतं आणि कोणी दार ढकलतं. बोटाला कळतो फरक."

आणि एक दिवस खरंच कळला.

मी बोलायचीही खूप. तोंड मी बाबांचंच घेतलेलं. शाळेतल्या बाई, मैत्रिणीच्या घरचं मांजर, धाकट्याने सलूनमधला साबण कसा चाटला, सगळं मी तिथे बसून सांगायची. आई "हं" म्हणायची. "हो का?" म्हणायची. पुढे पुढे नुसतं "हं". मला वाटायचं, तिला माझ्या गप्पा इतक्या आवडतात की ती मध्ये बोलतसुद्धा नाही.

मग वामेचा दिवस आला. आईच्या बांबूला काहीतरी असं लागलं की बूच बुडालं ते वर येईचना. दोरा पाण्यात गोल गोल फिरायला लागला. आई उठून उभी राहिली, बादली घरंगळली, आणि मी तिला कधी पाहिलं नव्हतं असं तिने दात-ओठ खाऊन मागे मागे पावलं टाकत ते वर खेचलं. हातभर लांब वाम, सापासारखा मासा. काळी, गुळगुळीत, आणि गवतात अशी वळवळ करणारी की तिला धरायचं कुठे तेच कळेना. मी झेप घेतली, ती निसटली. आईने डगला काढून तिच्यावर टाकला, तर ती डगल्याच्या बाहीतून बाहेर! आई मटकन खाली बसली आणि हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तोवर वाम आपली आपणच सरपटत काठावरून पाण्यात गेली, गळासकट.

"वहिनी, मानलं तुम्हाला!" पुलावरून आवाज आला. सायकलवाले काका शेडचं कुलूप काढता काढता थांबून हे सगळं बघत होते.

पुढच्या शनिवारी ते केस कापायला आले. मी दुसऱ्या खुर्चीत बसून जुनी मासिकं चाळत होते.

"वहिनींचा हात मात्र भारी आहे हां," काका म्हणाले. "हातभर वाम काढली परवा."

"कुठल्या वहिनी?" बाबांनी विचारलं.

"अहो, आपल्याच! ओढ्यावर. सकाळच्या रोज असतात की. सहापासून." मग त्यांनी आरशात बाबांचा चेहरा पाहिला असावा.

कात्री थांबली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हेच मला जास्त लागलं. "हो हो," ते म्हणाले, आणि कात्री पुन्हा चालू झाली. बोलणं मात्र झालं नाही. काकांच्या डाव्या कानावरचे केस त्या दिवशी चांगलेच वर गेले.

तीन दिवस बाबा गप्प होते. आमच्या घरात ही अशी गोष्ट होती, की शेजारच्या दुकानातल्या माणसाने येऊन विचारलं, दुखतंय का काही. गिऱ्हाइकांना वाटलं दाढ ठणकतेय. एकाने लवंग आणून दिली. बाबांनी ती निमूटपणे तोंडात टाकली. आईला काय झालंय ते कळेना, आणि मी तर मूग गिळून बसलेली. ती रोजच्यासारखी साडेपाचला जात होती. मी मात्र पोट दुखतंय म्हणून सांगून अंथरुणातच राहिले.

मंगळवारी सलून बंद असायचं. त्या संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढायला आई आणि मी गेलो. बाबा मागून वर आले. त्यांनी काही न बोलता चादरीची दोन टोकं धरली, आईने दोन धरली. मी चिमटे डब्यात टाकत होते.

"लॉन्ड्री साडेसातला उघडते," बाबा म्हणाले.

आईने चादर ताणली. "हो."

"आज सकाळी जाऊन आलो मी. दारावर पाटीच आहे."

"आहे."

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं."

ती चालत त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली, घडी घातली आणि ती चादर माझ्या खांद्यावर ठेवली. मग दुसरी काढली. तिचीही टोकं बाबांनी धरली.

"माझं काय चुकलं ते तरी सांग."

"तुमचं चुकलं असं कुठे म्हणतेय मी?"

"मग घरात काय कमी होतं तुला?"

"कमी काही नव्हतं," आई म्हणाली. "जास्तच होतं." आणि मग तिचा आवाज एकदम हळू झाला. "तिकडे दिवसभर यंत्रं ओरडतात. इकडे आले की तुम्ही सगळे. वाईट काही बोलत नाही हो तुम्ही, प्रेमानेच हाक मारता. पण हाक आली की ओ द्यावीच लागते ना? तिथे एक तास मला कोणी हाक मारत नाही."

बाबा चादर धरून उभे होते. वाऱ्याने ती मध्येच फुगली.

"मला सांगितलं असतंस तर मी काय नाही म्हणणार होतो?"

"नाही कशाला म्हणाल? तुम्ही म्हणाला असता, चल, मी पण येतो."

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. पुन्हा उघडलं. मला हसू आलं, पण मी चिमट्यांच्या डब्यात बघत राहिले.

"खोटं बोलले ते चुकलंच," आई म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नंतर नंतर ते जड होत गेलं."

"आणि ह्या बाईसाहेबांना सगळं ठाऊक होतं."

"तिला मी सांगितलं नव्हतं. तिने शोधून काढलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. "वाम खरंच हातभर होती?" त्यांनी मला विचारलं.

मी हात लांब करून दाखवला. कदाचित थोडा जास्तच लांब केला.

"जात जा बाई," ते आईला म्हणाले. "पण सांगून जात जा." आणि चादरीची आपली टोकं त्यांनी तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पाचला उठायला लागले. चहा करायचे, आईचा डबा भरायचे. डब्याचं झाकण नीट लागायचं नाही, पण आई काही बोलली नाही. असा आठवडा गेला असेल. आणि मग एके सकाळी आम्ही दोघी वळणावर बसलेलो असताना बाबा आले, धाकट्याला खांद्यावर घेऊन.

"मी आपला सहज," ते म्हणाले.

सहज आलेले बाबा अर्धा तास बोलत होते. हा ओढा येतो कुठून, जातो कुठे, पूर्वी किती रुंद होता, त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या काकाने इथे काय पकडलं होतं. धाकट्याने आधी पाण्यात एक खडा टाकला, मग त्याला खडे टाकायचा नादच लागला. आईने दोरा गुंडाळला, बांबू फळीखाली ठेवला आणि उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "उद्यापासून नका येऊ."

मला वाटलं आता पुन्हा लवंगेचे दिवस येणार. पण बाबा मोठ्याने हसले. "हकालपट्टी!" ते म्हणाले. "चल रे, आपली हकालपट्टी झाली." पुढे महिनाभर त्यांनी सलूनमध्ये हाच किस्सा रंगवून सांगितला, बायकोने ओढ्यावरून कसं हाकललं म्हणून. दर वेळी त्यात वाम थोडी लांब व्हायची.

ते दोघे गेल्यावर मी म्हटलं, "बरं केलंस. बाबा फार बोलतात."

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "तूसुद्धा आता रविवारी येत जा," ती म्हणाली. "बाकीचे दिवस नको."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोळे भरून आले. "मी काय केलं?"

"काही नाही गं."

"मी बोलणार नाही. शपथ, एक शब्द बोलणार नाही."

"बोलण्याचं नाही ते. तू आलीस की मी तुझी आई होते. मग तुझा पाय घसरेल का, तुझ्या बोटात गळ जाईल का, तुला भूक लागली असेल का, सगळं बघते. माझं बूच बघायचं राहून जातं."

मी रडत घरी आले आणि पुढचे पाच दिवस तिच्याशी धड बोलले नाही. रविवारी तिने हाक मारली तेव्हा झोपेचं सोंग घेतलं. दहा वर्षांच्या मुलीला असं काही समजावं ही अपेक्षाच चुकीची, पण आईने ते मला सांगितलं हे खरं. थाप मारून टाळलं नाही. हे मला फार उशिरा, माझी स्वतःची मुलं झाल्यावर उमगलं.

रुसवा फार टिकला नाही, कारण मासे मला खुणावत होते. नंतरच्या आठवड्यात मी माझा बांबू घेऊन पुलाच्या खालच्या अंगाला, माझी म्हणून एक जागा शोधली. आई वर वळणावर, मी खाली. मध्ये लव्हाळं. दिसत नव्हतो, पण मोठ्याने बोललं तर ऐकू गेलं असतं.

तिथे बसून मी पहिल्यांदा गप्प बसायला शिकले. आधी कंटाळा आला. मग पाण्यावरचे किडे दिसायला लागले, ते कसे उड्या मारत जातात. मग पाण्याचा आवाज एकसारखा नसतो हे कळलं. आणि एका सकाळी बोटावरचा दोरा असा ओढला गेला की जणू कोणी दार ढकलून आत घुसलं.

बांबू वाकला. दोरा बोटात रुतला. मी दोन्ही टाचा चिखलात रोवल्या. समोर पाणी ढवळून निघत होतं, आणि मध्येच एक रुंद, रुपेरी पाठ वर येऊन गेली. माझ्या तोंडात "आई" आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. मी ते तसंच गिळलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. हाक मारली असती तर ती धावत आली असती, एवढंच माहीत होतं. मी एक पाऊल मागे गेले, मग दुसरं. घसरले, धपकन बसले, बसल्या बसल्या ओढत राहिले. शेवटी तो मासा गवतात आला, आणि मी त्याच्यावर जवळजवळ आडवीच झाले.

आई कामावर जायला पुलावर आली तेव्हा मी चिखलाने माखलेली, मासा दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते.

"केवढा गं!" ती कठड्यावरून ओणवी होऊन म्हणाली. "एकटीने काढलास?"

"हो."

"मला ऐकू आलं. धपकन पडलीस ना? उठणार होते मी."

"मग?"

"बसले तिथेच," आई म्हणाली. "दात आवळून बसले."

ती पुलावर आणि मी पुलाखाली, दोघी हसत सुटलो. सायकलवाले काका शेडमधून बाहेर येऊन बघायला लागले. मग आईला उशीर झाल्याचं लक्षात आलं आणि ती पळतच गेली, निळ्या डगल्याची बटणं लावत. मासा मी घरी नेला. आता लपवायचं काही नव्हतं. बाबांनी तो आधी सलूनमध्ये मांडला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला, आणि मगच तळला. संध्याकाळी त्यातला मधला तुकडा आईच्या ताटात वाढला.

आई त्यानंतर अकरा वर्षं त्या वळणावर बसली. रविवारी मी तिच्या शेजारी असायची, आणि पुढे पुढे आम्ही तासभर एक शब्द न बोलता बसू शकत होतो. धाकट्याला ते कधी जमलं नाही. तो बाबांवर गेला, आता सलून तोच चालवतो. लॉन्ड्रीतून निवृत्त झाल्यावर आईला वाटलं होतं, आता दिवसभर ओढ्यावर बसता येईल. तीन आठवडे बसली. मग एक दिवस बांबू शेजारच्या मुलींना देऊन टाकला आणि सकाळी आठपर्यंत झोपायला लागली.

गेल्या वर्षी मी माहेरी गेले होते तेव्हा मी तिला विचारलं, की तुला मासे पकडायचं सुचलं कसं? लहानपणी शिकली होतीस का?

"छे गं," आई म्हणाली. "पहिले आठ-दहा दिवस मी नुसतीच बसायचे. तिसऱ्या दिवशी एक बाई वाट वाकडी करून आली. म्हणाली, बाई, काय झालं, घरी काही भांडण झालंय का? चौथ्या दिवशी एक म्हातारा. पाण्याकाठी बाई नुसती बसलेली लोकांना बघवत नाही. त्यांना वाटतं, आता ही उडी मारणार. मग मी सायकलवाल्यांच्या शेडमागचा एक बांबू मागून घेतला. हातात काठी आली आणि विचारणं बंद झालं. मी काय करतेय ते त्यांना दिसत होतं ना!"

"म्हणजे माशांचं निमित्तच होतं?"

"सुरुवातीला. मग पहिला मासा लागला, आणि ते मला खरंच आवडायला लागलं. पण आता निमित्त लागत नाही. ह्या वयात नुसतं बसलं तरी कोणी काही विचारत नाही."

दुपार होती. आम्ही दोघी खिडकीशी खुर्च्या टाकून बसलो होतो. समोरच्या इमारतीत एक बाई काचा पुसत होती, एकेक चौकोन, वरून खाली. आई तिच्याकडे बघत राहिली, आणि मीही.